सीमेवरील विधान : उष्णता-विनिमयकांच्या प्रवाहगणनेतील सीमा-अटींची चिकित्सा

उष्णता-विनिमयकातील प्रवाहाची संगणकावर मांडलेली उकल बिघडली, म्हणजे अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाळीकडे जाते, तेथून ते उकलपद्धतीकडे जाते, आणि सीमा-अटींकडे बहुधा सर्वांत शेवटी वळते. हा क्रम उलटा असावयास हवा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. जाळी विरळ असली तर योग्य प्रश्नाचे अदमासे उत्तर मिळते. सीमा-अट अयथार्थ असली तर मात्र भलत्याच प्रश्नाचे उत्तर मिळते, आणि ते जितक्या काटेकोरपणे काढावे तितके अधिक विश्वसनीय भासू लागते.

याचे कारण समीकरणांच्या स्वरूपातच आहे. वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेची समीकरणे सर्व विनिमयकांना सारखीच लागू पडतात. द्रायूचे गुणधर्म ठरल्यानंतर एक विनिमयक दुसऱ्याहून वेगळा ठरतो तो त्याच्या आकारामुळे आणि सीमेवर काय घडते यामुळे. गणनेसाठी आपण यंत्राचा एक तुकडा कापून घेतो. कापलेल्या जागी उर्वरित यंत्राच्या वतीने काहीतरी सांगणे भाग असते, आणि हे सांगणे म्हणजेच सीमा-अट. ती आपण गणनेबाहेर ठेवलेल्या जगाविषयी केलेले विधान होय. आणि विधान म्हटले की ते खरे की खोटे हा प्रश्न आलाच.

१

या विषयाची चिकित्सा करावयाची तर सुहास पाटणकर यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘न्यूमेरिकल हीट ट्रान्सफर अँड फ्लुइड फ्लो’ या ग्रंथापासून आरंभ करणे युक्त ठरेल. पुण्यात जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ साली पदवीधर झालेले आणि पुढे लंडनच्या इंपीरिअल कॉलेजात संशोधन केलेले पाटणकर यांनी स्पॉल्डिंग यांच्यासमवेत १९७२ साली ‘सिंपल’ या नावाने प्रसिद्ध असलेली उकलपद्धती मांडली. १९८० च्या ग्रंथाचे मोठेपण असे की त्यात गणिती सामग्रीला सतत भौतिक अर्थाशी जखडून ठेवले आहे. गुणकाचे चिन्ह धन का असावे, किंवा शेजारच्या बिंदूचा प्रभाव किती असावा, असे प्रश्न तेथे सूत्रांच्या आधी सामान्य बुद्धीला विचारले जातात.

निर्गममुखावरील अटीची त्यांची मीमांसा या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. प्रवाह जेथून बाहेर पडतो तेथे तापमान आपणास ठाऊक नसते आणि उष्णतेचा ओघही ठाऊक नसतो; मग सांगावे काय? पाटणकरांचे उत्तर असे की काहीच सांगण्याची आवश्यकता नाही. प्रवाहाबरोबर वाहून जाण्याचा परिणाम विसरणाच्या मानाने प्रबळ असला, म्हणजेच पेक्ले अंक मोठा असला, तर खालच्या अंगाची वार्ता वरच्या अंगास पोहोचतच नाही. अशा दिशेला ते एकमार्गी दिशा म्हणतात. याला जोडूनच एक ताकीदही त्यांनी दिली आहे : ज्या छेदातून प्रवाहाचा काही भाग उलट आत शिरतो, त्या छेदावर निर्गममुख कल्पू नये; तेथे अर्थपूर्ण उकल संभवत नाही.

ही मीमांसा निर्दोष आहे. परंतु तिची व्याप्ती नेमकी किती, हे न पाहता ती वाचली जाते, आणि ग्रंथाची रचनाही त्याला थोडीशी कारणीभूत आहे. एकमार्गीपणाचा युक्तिवाद लागू पडतो तो प्रवाहाबरोबर वाहून जाणाऱ्या राशींना, म्हणजे तापमान, विद्राव्याचे प्रमाण, आणि काही अंशी संवेग यांना. दाबाला तो लागू नाही. असंपीड्य प्रवाहात दाबाची वार्ता सर्व दिशांना पोहोचते. निर्गममुखावर दाबाविषयी केलेले विधान प्रवेशमुखापर्यंत आपला परिणाम घडविते. ग्रंथात अभिसरण-विसरणाची चर्चा पाचव्या प्रकरणात येते आणि दाब व वेग यांची सांगड सहाव्या प्रकरणात घातली जाते. ज्याने पाचवे प्रकरण वाचून निर्गममुखाचा विषय संपला असे मानले, त्याच्या हाती अर्धाच नियम लागतो. हा अर्धा नियम आधुनिक आज्ञावलींतील ठरीव अटींच्या यादीशी जुळला, की अभ्यासक निर्गममुखावर ‘दाब शून्य’ असे लिहून निश्चिंत होतो.

२

निर्गममुखाचे स्थान किती दूर असावे, हा प्रश्न वरवर पाहता व्यावहारिक वाटतो. तो तसा नाही, हे मागे पायरी असलेल्या पन्हळीच्या प्रवाहावरून स्पष्ट होते. गार्टलिंग यांनी १९९० साली निर्गम-अटींच्या परीक्षेसाठीच हा प्रवाह योजला. पन्हळीची पूर्ण उंची आणि सरासरी वेग यांवर आधारलेला रेनल्ड्स अंक ८०० असताना पायरीमागचा खालचा भोवरा पन्हळीच्या उंचीच्या सुमारे ६.१ पट अंतरापर्यंत पसरतो. वरच्या भिंतीलगत दुसरा भोवरा सुमारे ४.८५ पट अंतरावर सुरू होऊन सुमारे १०.५ पट अंतरावर संपतो. आता ज्याला केवळ पायरीमागचा भोवरा ठाऊक आहे असा अभ्यासक निर्गममुख ७ पट अंतरावर ठेवील आणि आपण पुरेसे दूर आलो असे मानील. वस्तुतः त्याची रेषा वरच्या भोवऱ्याच्या मध्यातून जाते, आणि पाटणकरांनी ज्याविषयी ताकीद दिली तीच स्थिती ओढवते. प्रवाहाचे स्वरूप उकल काढल्यावर कळते, आणि सीमा तर आधी आखावी लागते. म्हणून पहिली सीमा ही नेहमी तात्पुरतीच समजली पाहिजे.

शेल-आणि-ट्यूब विनिमयकात ही अडचण अधिक बिकट होते. शेलमध्ये प्रवाहाला नागमोडी फिरविणारे बॅफल असतात आणि प्रत्येक बॅफलच्या आड भोवरा असतो. शेलचा कोणताही आडवा छेद घेतला तरी त्यात थोडाबहुत उलट प्रवाह सापडावयाचाच. तेथे निर्गममुख काही सेंटिमीटर सरकवून भागत नाही. खरे नोझल आणि त्यापुढील नळाचा काही भाग गणनेत घेणे, हाच मार्ग उरतो.

परंतु व्यवहारात काय होते? आज्ञावली सूचना देते की निर्गममुखाच्या काही भागातून प्रवाह उलट आत येत आहे. मग त्या उलट प्रवाहाला एखादे तापमान बहाल केले जाते, किंवा तेवढा भाग भिंत समजून बंद करण्याची सोय वापरली जाते. उकल स्थिरावते आणि सूचना विसरली जाते. येथे कोणता दोष दडतो, हे एका साध्या हिशेबाने दाखविता येईल. समजा, २० अंश सेल्सिअसचे पाणी आत येते आणि भिंतींकडून त्याला इतकी उष्णता मिळते की त्याचे तापमान ४० अंशांनी वाढून ६० अंश व्हावे. निर्गममुखातून निव्वळ प्रवाहाच्या १.१ पट पाणी बाहेर पडते आणि ०.१ पट उलट आत येते. या उलट येणाऱ्या पाण्याला अभ्यासकाने प्रवेशमुखाचेच, म्हणजे २० अंशांचे तापमान दिले आहे. विशिष्ट उष्णता स्थिर मानून ऊर्जेचा ताळा मांडला तर बाहेर पडणाऱ्या पाण्याचे सरासरी तापमान सुमारे ५६.४ अंश येते. चाळीस अंशांच्या वाढीत ३.६ अंशांची, म्हणजे नऊ टक्क्यांची तूट आली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ऊर्जेचा ताळा येथे पूर्णपणे जुळतो. गणितात काहीही हरवलेले नाही. केवळ बाहेरच्या जगात थंड पाण्याचा साठा आहे असे एक खोटे विधान केले गेले आहे. ‘ताळा जुळला, म्हणून उत्तर बरोबर’ ही प्रबंधांत वारंवार आढळणारी समजूत येथे निराधार ठरते. ताळा जुळणे आवश्यक आहे, पुरेसे नव्हे.

यावर परीक्षा सोपी आहे. उलट प्रवाहाचे तापमान २० ऐवजी ६० अंश करून तीच गणना पुन्हा करावी. वरील उदाहरणात निर्गम-तापमान ५६.४ वरून ६० अंशांवर येईल. आपण मनाने कल्पिलेल्या आकड्यावर जे उत्तर हलते, ते यंत्राचे उत्तर नव्हे.

३

दाबाविषयीच्या विधानाचे परिणाम याहून दूरगामी असतात. हेवूड, रानाखर आणि टुरेक यांनी १९९६ साली निर्गममुखावर ‘काहीच न करण्याच्या’ अटीचे सूक्ष्म परीक्षण केले. ज्या अटीत काहीच सांगितलेले नाही असे वाटते, ती गुपचूप निर्गममुखावरील सरासरी दाब शून्य ठरविते, हे त्यांनी दाखविले. निर्गममुख एकच असेल तर हे बहुधा निरुपद्रवी असते. दोन फाटे असलेल्या नळीत मात्र एक फाटा लांब आणि दुसरा आखूड कापला, तर दोन्ही टोकांना सारखाच दाब लादला जातो आणि प्रवाहाची विभागणी कापण्याच्या जागेवर अवलंबून राहते.

हेडरमधून अनेक नळ्यांत पाणी वाटले जाते, तेथे हा मुद्दा निर्णायक आहे. गणनेचा भार हलका करण्यासाठी नळ्या काही अंतरावर कापल्या आणि प्रत्येक टोकाला दाब शून्य लिहिला, तर नळ्यांच्या उरलेल्या लांबीतील घर्षण आपण पुसून टाकले असे होते. प्रत्यक्ष यंत्रात ते घर्षणच प्रवाह समान वाटण्यास साह्य करते. म्हणून अशी गणना हेडरमधील विषम वाटप अतिशयोक्तीने दाखविते. याच्या उलट टोकाला, प्रत्येक नळीच्या मुखाशी सारखाच वेग लिहून टाकला तर विषम वाटप शून्य होते आणि हेडरचा अभ्यास करण्याचे प्रयोजनच उरत नाही. कापलेल्या नळीच्या टोकाशी उरलेल्या लांबीचा दाबक्षय वेगाच्या प्रमाणात जोडणे हे या दोहोंपेक्षा यथार्थ विधान होय.

गुरुत्वाकर्षण विचारात घेतले असता आणखी एक दोष संभवतो. पाण्याची घनता २० अंशांना घनमीटरला सुमारे ९९८ किलोग्रॅम आणि ६० अंशांना सुमारे ९८३ किलोग्रॅम असते. समजा, अर्धा मीटर उंचीच्या उभ्या निर्गममुखावर सर्वत्र सारखा दाब लिहिला आणि संदर्भ-घनता २० अंशांची घेतली. बाहेर येणारे पाणी मात्र ६० अंशांचे आहे. तेव्हा मुखाच्या वरच्या व खालच्या कडांमध्ये सुमारे ७४ पास्कलचा कृत्रिम दाबभेद उत्पन्न होतो. सेकंदाला ०.१ मीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा गतिज दाब अवघा ५ पास्कल असतो. म्हणजे प्रवाहाला स्वतःच्या सामर्थ्याच्या पंधरापट धक्का आपल्या एका लेखनिक सोयीमुळे बसतो. मग मुखाच्या एका भागातून गरम पाणी बाहेर पडते, दुसऱ्या भागातून उलट आत शिरते, आणि अभ्यासक त्याचे श्रेय नैसर्गिक अभिसरणाला देऊन त्यावर एक परिच्छेद लिहितो. संदर्भ-घनता निर्गमाच्या तापमानाची घेतली, किंवा मुखापुढे नळाचा पुरेसा भाग जोडला, की हा ‘शोध’ नाहीसा होतो.

४

भिंतीवरील औष्णिक अटीकडे आता वळू. गोल नळीतील पूर्णविकसित स्तरीय प्रवाहासाठी भिंतीचे तापमान सर्वत्र समान असेल तर नुसेल्ट अंक ३.६६ येतो, उष्णतेचा ओघ समान असेल तर तो ४.३६ येतो. म्हणजे केवळ सीमा-अटीच्या निवडीने उष्णतासंक्रमणाच्या गुणकात सुमारे १९ टक्क्यांचा फरक पडतो. यांपैकी कोणती अट ‘बरोबर’, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. तो प्रश्न यंत्राला विचारला पाहिजे. नळीबाहेर वाफेचे संघनन होत असेल आणि त्या बाजूचा रोध अल्प असेल, तर समान तापमानाचे विधान सत्याच्या जवळ जाते. दोन्ही प्रवाहांची उष्णताधारिता समान असलेल्या प्रतिवाही विनिमयकात तापमानभेद लांबीभर जवळजवळ स्थिर राहतो, म्हणून तेथे समान ओघाचे विधान योग्य ठरते. इतर बहुतेक यंत्रांत दोन्ही विधाने अपुरी असतात, आणि भिंतीतील संवहन व पलीकडचा प्रवाह हे दोन्ही गणनेत घेतल्यावाचून गत्यंतर नसते. संक्षुब्ध प्रवाहात, पाणी किंवा हवा यांसारख्या द्रायूंच्या बाबतीत, हा फरक क्षीण होतो. म्हणून एका क्षेत्रातील सवय दुसऱ्या क्षेत्रात नेणे धोक्याचे आहे.

‘पूर्णविकसित’ हा शब्दही असाच पारखून घ्यावा लागतो. स्तरीय प्रवाहात वेगाची रचना स्थिर होण्यास लागणारी लांबी व्यासाच्या पटीत मोजली असता रेनल्ड्स अंकाच्या सुमारे ०.०५ पट असते. तापमानासाठी त्यास प्रांट्ल अंकाने गुणावे लागते. रेनल्ड्स अंक १००० आणि प्रांट्ल अंक ७ असेल तर दहा मिलिमीटर व्यासाच्या नळीत वेग अर्ध्या मीटरवर स्थिरावतो, तापमानाची रचना मात्र साडेतीन मीटरवर. दोन मीटर लांबीच्या नळीत तापमान कोठेही पूर्णविकसित होत नाही. तेथे ३.६६ किंवा ४.३६ यांपैकी कोणताही आकडा वापरला तरी उष्णतासंक्रमण कमीच मोजले जाणार.

आवर्ती अटीचा गैरवापर हा याच कुळातला. पाटणकर, लिऊ आणि स्पॅरो यांनी १९७७ साली प्रवाहाच्या दिशेने पुनःपुन्हा येणाऱ्या रचनांसाठी एका तुकड्याचीच गणना करण्याची युक्ती मांडली. त्यात दाब आवर्ती नाही. दाबाचा एकरेषीय उतार वजा केल्यावर जे उरते ते आवर्ती आहे. तापमानही स्वतः आवर्ती नाही : समान ओघ असताना त्याची एकरेषीय वाढ वजा करावी लागते, आणि भिंतीचे तापमान समान असताना योग्य रीतीने परिमाणरहित केलेले तापमान आवर्ती ठरते. जो हे न पाहता दोन्ही टोकांचे तापमान सरळ सारखे लिहितो, त्याच्या गणनेत एक तर तापमान अखंड वाढत राहते, किंवा द्रायू भिंतीइतका गरम होऊन उष्णतेचा ओघ शून्य होतो. पहिल्या प्रसंगी उकलपद्धतीला दोष दिला जातो आणि दुसऱ्या प्रसंगी जाळीला. अपराधी मात्र तिसराच असतो. शिवाय ही युक्ती मधल्या कप्प्यांपुरतीच आहे. नोझलांलगतचे पहिला आणि शेवटचा हे दोन कप्पे मधल्यांसारखे नसतात.

५

सममितीची अट सर्वांत निरागस दिसते, म्हणून तिचा विचार शेवटी केला आहे. यंत्राचा आकार सममित आहे, म्हणून प्रवाहही सममित असेल, असे हे विधान आहे. एकट्या दंडगोलावरून जाणाऱ्या प्रवाहाचा रेनल्ड्स अंक सुमारे ४७ च्या वर गेला की त्यामागे दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भोवरे सुटू लागतात. आकार सममित राहतो, प्रवाह राहत नाही. मध्यरेषेवर सममिती लादून अर्ध्याच दंडगोलाची गणना केली तर हे भोवरे उत्पन्नच होऊ शकत नाहीत. उकल सुरेख स्थिरावते. नळीवर येणाऱ्या आडव्या, बदलत्या बलाचे उत्तर ‘शून्य’ असे मिळते, आणि ते मिळणारच होते, कारण ते प्रश्नातच लिहिलेले होते.

नळ्यांच्या कंपनाचा विचार करणाऱ्याला हे शून्य महाग पडू शकते. कॅलिफोर्नियातील सॅन ओनोफ्रे अणुवीजकेंद्रात नव्याने बसविलेल्या बाष्पजनित्राच्या एका नळीला ३१ जानेवारी २०१२ रोजी गळती लागली. तपासात असंख्य नळ्या प्रवाहजन्य अस्थिरतेमुळे एकमेकींवर घासून झिजल्याचे आढळले, आणि आराखड्याच्या वेळच्या गणनेने तेथील प्रवाहाची तीव्रता कमी दाखविली होती, हेही पुढे आले. जून २०१३ मध्ये ते केंद्र कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला. तेथील दोष सममितीच्या अटीचा होता असे येथे सुचवावयाचे नाही. गणनेने शांत दाखविलेला प्रवाह यंत्रात शांत असेलच असे नाही, आणि त्याची किंमत प्रबंधाच्या गुणांत मोजली जात नाही, एवढेच त्यावरून ध्यानी घ्यावे.

६

वरील विवेचनातून दोषशोधनाची एक पद्धत निष्पन्न होते. प्रत्येक सीमेसाठी अभ्यासकाने प्रथम एक साधे मराठी वाक्य लिहावे : ‘या छेदापलीकडे अमुक आहे, असे मी मानतो.’ ‘दाब शून्य’ हे वाक्य नव्हे. ‘या नळीपलीकडे घर्षण नाही’ हे वाक्य होय, आणि ते वाचताच त्याची असत्यता डोळ्यांत भरते. दुसरे, प्रत्येक कृत्रिम सीमा एकदा तरी दूर सरकवून इष्ट राशी, मग ती निर्गम-तापमान असो वा दाबक्षय, किती बदलते ते पाहावे. तिसरे, ज्या आकड्यांना यंत्रात आधार नाही ते मुद्दाम बदलून उत्तराची परीक्षा घ्यावी. चौथे, सममिती किंवा स्थिरता गृहीत धरली असेल तर ती सोडून निदान एक गणना करावी. जाळीचे परिष्करण आणि उकलपद्धतीची निवड यांना यानंतरच अर्थ प्राप्त होतो.

आपल्या विभागांतील प्रबंधांत जाळीच्या स्वतंत्रतेची कसोटी देण्याचा प्रघात पडला आहे, ही स्तुत्य गोष्ट आहे. सीमेच्या स्वतंत्रतेची कसोटी देण्याचा प्रघात मात्र अद्याप रुजलेला नाही. सीमा-अटी एका कोष्टकात, आज्ञावलीच्या परिभाषेत, कोणत्याही समर्थनाविना उरकल्या जातात. परीक्षकांनी या कोष्टकातील प्रत्येक ओळीला ‘हे कशावरून?’ असा प्रश्न विचारावा. पाटणकरांच्या ग्रंथाचा खरा वारसा त्यातील सूत्रांपेक्षा प्रत्येक संख्येला भौतिक अर्थ मागण्याच्या त्यांच्या वृत्तीत आहे. आणि ही वृत्ती जेथे सर्वांत अधिक आवश्यक आहे ती जागा म्हणजे गणनेची सीमा होय.